वऱ्हाडातली नर्स बर्माच्या लढाईवर: कादंबरीत पटेल का?

खारपाणपट्टा (सोमवार, रात्री ९.१२)

नमस्कार मंडळी. मी दर्यापूर तालुक्यातला निवृत्त मास्तर. तीन वर्षांपासून एक कादंबरी लिहितोय. नायिका गोदा, अंजनगावकडच्या खेड्यातली, बालविधवा. मिशनच्या दवाखान्यात नर्सिंग शिकते, १९४३ साली सैन्याच्या दवाखान्यात भरती होते आणि कोमिल्ला, मग दिमापूर असं करत बर्मा आघाडीच्या मागं जाऊन पोचते. गोदा मी रचलेली, लढाई खरी.

परवा रविवारी गावच्या वाचनालयात पहिली तीन प्रकरणं आणि शेवटचं एक वाचून दाखवलं. चौदा जण होते, त्यात चार बाया. वाचून झाल्यावर एक आबाजी काठी टेकत उठले नि म्हणाले, "मास्तर, लिवलं त चांगलं. पन आपल्या इकडची पोट्टी अन् लढाईवर? असं कुठं असते का?" सगळे हसले. मीही हसलो. पण रात्री झोप लागली नाही.

एक तुकडा खाली देतो. पटतं का, नाही तर कुठं खटकतं, ते मोकळेपणानं सांगा.

"गोदा अंजनगावला गाडीत बसली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी हावड्याला उतरली. ... कोमिल्ल्याच्या त्या वॉर्डात चाळीस जखमी जवान होते. तिने प्रत्येकाला पेनिसिलीनचं इंजेक्शन दिलं, प्रत्येकाच्या कपाळावरून हात फिरवला. रात्रपाळी संपवून ती नदीकाठी जाऊन बसली. पहाटवाऱ्यावर तिचा पांढरा पदर उडत होता."

पाटवडीरस्सा (सोमवार, रात्री ९.३०)

आपल्या इकडची पोट्टी मे महिन्यात एसटीत उभ्यानं अमरावती ते मोर्शी जाते. तिच्यापुढं बर्मा म्हणजे काय बाप्पा!

रूळ_आणि_खडी (सोमवार, रात्री १०.०५)

मास्तर, पहिल्याच वाक्यात गाडी रुळावरून घसरली. अंजनगावला नॅरोगेज. ती मुर्तिजापूरपर्यंतच. तिथं उतरायचं, ट्रंक डोक्यावर घ्यायची आणि ब्रॉडगेजच्या फलाटावर मेलची वाट बघत बसायचं. त्यात लढाईचे दिवस, आधी फौजेच्या गाड्या सोडणार. हावडा तिसऱ्या दिवशी दिसला तरी नशीब.

आणि हावड्याला उतरून कोमिल्ला येत नाही. सियालदहवरून गोआलंदो, तिथून पद्मेत आगबोट, चांदपूरला उतरून परत रेल्वे, तीही मीटरगेज. पुढं दिमापूरलाही मीटरगेजच. स्टेशनचं नाव तेव्हा 'मणिपूर रोड' होतं. म्हणजे गोदेनं रुळाची तिन्ही मापं आणि एक बोट बघितली. जिनं पूर्णेपेक्षा मोठी नदी पाहिली नाही, ती पद्मेच्या बोटीवर उभी आहे. एवढं हातचं सोडून तुम्ही "दुसऱ्या दिवशी सकाळी" लिहिता?

पाटवडीरस्सा (सोमवार, रात्री १०.११)

नॅरोगेज म्हणजे आपली शकुंतलाच ना? पोट्टे उतरून बोरं तोडायचे अन् धावत जाऊन पुन्हा चढायचे.

रूळ_आणि_खडी (सोमवार, रात्री १०.२०)

तीच. वाफेचं इंजिन १९९४ पर्यंत होतं. बोरांबद्दल साक्षीदार व्हायला मी तयार आहे.

सरळ_बोलतो (मंगळवार, सकाळी ७.४८)

रेल्वे राहू द्या. माझा आक्षेप मुळावर आहे. १६ ऑगस्ट १९४२ ला चिमूर आणि आष्टी पेटलं. लोक गोळ्या खाऊन मेले, कितीतरी जण तुरुंगात गेले. वर्षभरात ही बाई इंग्रजांच्या फौजेची चाकरी करायला निघते आणि तिला एकदाही टोचत नाही? मला गोदा पटत नाही. तिचं कौतुक तर त्याहून पटत नाही.

पांदण (मंगळवार, सकाळी ८.३०)

@सरळ_बोलतो, त्या फौजेत शेवटी शेवटी पंचवीस लाख भारतीय होते. सगळे काय इंग्रजप्रेमापोटी गेले? पोटासाठी गेले. आणि खाटेवर पडलेला माणूस कोणाच्या फौजेचा, हे बघून का कोणी पट्टी बांधते? खुद्द गांधीजींनी १८९९ च्या बोअर युद्धात इंग्रजांच्या बाजूनं अकराशे माणसांचं शुश्रूषा पथक उभं केलं होतं. पलीकडं आझाद हिंद सेनेतही नर्सेस होत्याच. राणी झाशी रेजिमेंटच्या कर्नल लक्ष्मी स्वतः डॉक्टर.

सरळ_बोलतो (मंगळवार, सकाळी ८.५२)

अकराशे माणसांचं पथक काढणारे गांधी १९४२ मध्ये 'चले जाव' म्हणत होते, हे सोयीनं विसरलात. जाऊ नये असं मी म्हणतच नाही. टोचलं पाहिजे, एवढंच म्हणतोय.

खारपाणपट्टा (मंगळवार, दुपारी १.१५)

सरळराव, तुमचं बोलणं झोंबलं, कारण खरं आहे. पहिल्या खर्ड्यात गोदेचा भाऊ चिमूरच्या खटल्यात तुरुंगात होता. लिहिताना मला ते पेलवेना म्हणून मी त्याला काढून टाकला आणि त्याच्या जागी एक बैल मेल्याचा प्रसंग घातला.

पाटवडीरस्सा (मंगळवार, दुपारी १.१८)

भावाच्या जागी बैल!!! मास्तर, रक्षाबंधनाच्या प्रकरणाचं काय केलं मंग?

डफरीनची_नात (मंगळवार, रात्री ८.४०)

माझी आजी अमरावतीच्या डफरीन दवाखान्यात आया होती, नर्स नाही. पण वाडा काय म्हणतो ते तिनंही ऐकलं होतं. परक्या माणसाचं अंग पुसायचं, लघवीचं भांडं उचलायचं, रात्री घराबाहेर राहायचं. एकाच नोकरीत तिन्ही बोल लागायचे. पुण्याला रमाबाई रानड्यांच्या सेवासदननं नर्सिंगचे वर्ग काढले, ससूनमध्ये शिक्षणाची सोय केली, तेव्हाही या कामाला बाया मिळवणं सोपं नव्हतं. इकडं खेड्यातून कुठली मिळणार?

सरकारनं आरोग्यसेवेच्या पाहणीसाठी नेमलेल्या भोर समितीच्या १९४६ च्या अहवालात आकडा आहे: देशभरात नर्सेस सात हजार, म्हणजे त्रेचाळीस हजार लोकांमागं एक. बहुतेक ख्रिश्चन आणि अँग्लो-इंडियन. त्यामुळं आबाजींचं चुकलं असं मी म्हणणार नाही. त्यांनी कधी पाहिलीच नसेल. मास्तर, गोदा मिशनमध्ये शिकली म्हणजे गावानं "बाटली" म्हटलंच असणार. हे तुमच्या तीन प्रकरणांत आलंय का? का तेही भावासारखं काढून टाकलं?

औषधांची_चिठ्ठी (मंगळवार, रात्री १०.५५)

माझं मेडिकलचं दुकान, त्यामुळं माझी खोड तिथलीच. चाळीस जणांना पेनिसिलीन? १९४३ साली ते उत्तर आफ्रिकेत नुकतं आजमावून बघत होते. आपल्याकडच्या वॉर्डात चाळीस चाळीस खाटांना पुरेल एवढं कुठलं? सल्फाची पावडर टाका जखमेवर. पुढं १९४५ मध्ये पेनिसिलीन आणा, पण मग एक ध्यानात ठेवा: ते दर तीन तासांनी टोचावं लागायचं. वीस रोगी धरले तर एका रात्रपाळीत ऐंशी सुया. कपाळावरून हात फिरवायला वेळ कुठला?

दुसरी गोष्ट, तुमचे चाळीसच्या चाळीस जखमी आहेत. बर्मा आघाडीवर १९४३ साली एका जखमीमागं एकशेवीस आजारी मागं पाठवावे लागत होते. मलेरिया, आव, त्वचेचे रोग, स्क्रब टायफस. गोदेची लढाई गोळीशी कमी आणि हगवणीशी जास्त. तिच्या हातात बंदुकीच्या गोळीपेक्षा मलेरियावरची मेपाक्रीनची गोळी शोभेल. ती रोज खाऊन माणसं हळदीसारखी पिवळी पडायची.

पाटवडीरस्सा (मंगळवार, रात्री ११.०२)

म्हणजे आख्खी फौज हळदीच्या अंगानं! नवरदेवाची वरात दिसत असंल.

औषधांची_चिठ्ठी (मंगळवार, रात्री ११.१०)

गंमत पुढं आहे. या गोळीनं पुरुषत्व जाते, अशी अफवा फौजांमध्ये पसरली होती. जवान गोळी जिभेखाली दडवायचे नि मग थुंकायचे. समोर उभं राहून गिळवायला लागायची. आजही आमच्या गावात हत्तीरोगाच्या गोळ्या वाटताना हेच होते. "ताई, घरी जाऊन खातो ना."

एएनएम_ताई (बुधवार, सकाळी ६.२०)

घरी जाऊन खातो म्हणणाऱ्याला मी म्हणते, "आ कर भाऊ." सत्तर वर्षांच्या आबाजीलाही म्हणते.

पूर्ण धागा वाचला. सवडीनं लिहिते, आज लसीकरण आहे.

जुनं_कात्रण (बुधवार, सकाळी ११.३०)

थोडं अवांतर. १९३८ साली जपानशी लढणाऱ्या चीनच्या मदतीला भारतातून पाच डॉक्टर गेले. सोलापूरचे कोटणीस सगळ्यांना माहीत. त्यांच्याबरोबर नागपूरचे डॉ. चोळकरही होते, हे नागपुरातल्याही किती जणांना माहीत असेल? कोटणिसांच्या पत्नी क्वो चिंगलान या स्वतः नर्स. आबाजींना सांगा, आपल्या इकडचा माणूस दुसऱ्याच्या लढाईत मलमपट्टी करायला पार चीनपर्यंत गेला होता. पोट्टी गेली नसेल, पण वाट माहीत नव्हती असं नाही.

निवृत्त_सिस्टर (बुधवार, रात्री ९.५०)

मी अकोला जिल्ह्यातली. मिलिटरी नर्सिंग सर्व्हिसमध्ये वीस वर्षं काढली. धाग्याचं शीर्षक वाचूनच आत आले.

आधी मास्तरांच्या उपयोगाचं. १८८८ साली विलायतेहून दहा नर्सेस मुंबईला उतरल्या, तिथून आमची सुरुवात धरतात. पहिल्या महायुद्धात १९१४ पासून इथल्या नर्सेस घेऊ लागले. १ ऑक्टोबर १९२६ पासून सेवा कायम झाली. आम्ही तो दिवस साजरा करतो. आणि १९४३ च्या वटहुकमानं नर्सला अधिकाऱ्याचा दर्जा मिळाला. तुमची गोदा १९४३ ची. मग तिला सलाम ठोकणारा पहिला जवान दाखवा ना. वऱ्हाडातली बालविधवा, जिचं लग्नाच्या घरी तोंडसुद्धा कोणी बघत नाही, तिच्यापुढं सहा फुटी हवालदार टाचा जुळवून उभा. त्याला काय उत्तर द्यायचं, हेच तिला सुचत नाही.

दुसरं, तिला आघाडीच्या खंदकात नेऊ नका. जखमी आधी पलटणीच्या मदत-ठाण्यावर, तिथून खांद्यावर, खेचरावर किंवा ॲम्ब्युलन्सनं मागं, मग कॅज्युअल्टी क्लिअरिंग स्टेशन, मग मोठा दवाखाना. कोहिमाच्या बाजूला नागा लोकांनी स्ट्रेचर वाहून आणले. नर्सला लढाई दिसत नाही. तिला लढाईतून आलेलं सामान दिसतं. बूट कापून काढावा लागतो, कारण पाय सुजून आत अडकलेला असतो. मोज्याबरोबर कातडी येते. आधी कात्री चालवायची, मग नाव विचारायचं.

पदर उडत होता, हे खोडून टाका. कामावरच्या बाईचा पदर उडत नाही. खोचलेला असतो, नाही तर पिन लावलेली असते.

आता माझं. मी भरती झाले तेव्हा वडलांनी गावात सांगितलं, "पोरगी फौजेच्या शाळेत मास्तरीण आहे." वीस वर्षं हेच चाललं. रजेवर आले की बाया मुलांचे पाढे घेऊन यायच्या, म्हणायच्या, "बाई, याले जरा शिकवा." मी शिकवायचे. एकदा शेजारच्या म्हाताऱ्याला गँगरीन झालं. पाय काळानिळा, दारात वास. मी न बोलता ड्रेसिंग केलं आणि आजच्या आज मोठ्या दवाखान्यात न्या म्हटलं. त्याची सून बघत राहिली, म्हणाली, "मास्तरीण बाईला हे कसं येते वं?" आई मागून पटकन बोलली, "तिच्या शाळेत शिकवतात." आई गेली तेव्हाही खोटं तसंच होतं.

पांदण (बुधवार, रात्री १०.१५)

सिस्टर, वाचून गप्प झालो.

सरळ_बोलतो (बुधवार, रात्री १०.४०)

सॅल्यूट, ताई. माझा आक्षेप कायम आहे, पण सॅल्यूट.

निवृत्त_सिस्टर (बुधवार, रात्री १०.४४)

आक्षेप ठेवा. चांगला आहे. गोदेच्या वॉर्डात एखादा पकडून आणलेला आझाद हिंदचा जवान येऊ द्या. तिला तो बोलीवरून ओळखेल, नागपूर-भंडाऱ्याकडचा. मग बघा टोचतं का.

चहा_अळणी (गुरुवार, सकाळी ९.०५)

मी जन्मानं दर्यापूरचा, आता कोल्हापुरात. मास्तर, तुम्ही खारपाणपट्ट्यातले असून तिला पाणी गोड लागलं हे कसं लिहिलं नाही? आपल्याकडं बोअरचं पाणी चुळ भरायच्या लायकीचं नाही, तरी तोंडाला तीच चव बसते. मी पहिल्यांदा बाहेर पडलो तेव्हा महिनाभर प्रत्येक चहा फिक्का लागत होता. मेसवाल्याशी भांडलो. शेवटी चहात चिमूटभर मीठ टाकून बघितलं, तेव्हा जरा घरच्यासारखं वाटलं. गोदेलाही कोमिल्ल्यात चहात मीठ घालू द्या. बंगाली सिस्टर तिच्याकडं बघत राहील.

पाटवडीरस्सा (गुरुवार, सकाळी ९.२०)

अन् भाकर? ज्वारी कुठं भेटंल तिकडं? भात खाऊन खाऊन बेजार झाली असंल बिचारी. एक पारसल पाटवड्याचं पाठवा तिले, मास्तर. मसाला मी देतो.

जुनं_कात्रण (गुरुवार, दुपारी १२.४५)

भाताचा विषय काढलाच तर: गोदा १९४३ मध्ये कलकत्त्यावरून जाते. तेच बंगालच्या दुष्काळाचं वर्ष. सुमारे तीस लाख माणसं मेली. रस्त्यावर लोक भाताची पेज मागत फिरत होते. सियालदहच्या फलाटावर माणसं पडलेली आणि हिच्याकडं सरकारी रेशन. बंगालातला दुष्काळ वगळून बंगालातली नर्स लिहिता येणार नाही, मास्तर. चहातलं मीठ नंतर.

एएनएम_ताई (शुक्रवार, रात्री ११.३५)

आता सवड मिळाली. मी उपकेंद्रात आहे, पाच गावं माझ्याकडं.

तुमचं "रात्रपाळी संपवून ती नदीकाठी जाऊन बसली" हे आमच्या तिघीजणींना वाचून दाखवलं. एक इतकी हसली की तिच्या हातची व्हॅक्सिनची पेटी पडता पडता राहिली. सर, रात्र काढल्यावर नदी नको वाटते. बादलीत गरम पाणी हवं. त्यात पाय बुडवून भिंतीला टेकून बसायचं, आणि डोळा लागतो. पाणी गार झालं की जाग येते. मग पोटऱ्यांवर कडं उमटलेलं दिसते, पाणी जिथपर्यंत होतं तिथं.

मला शिकवणाऱ्या सिस्टर जुन्या काळच्या. त्या सांगायच्या, काचेची सिरिंज उकळायची आणि सुई बोथट झाली की बारीक दगडावर घासून धार करायची. धार झाली का, हे बघायला कापसावरून फिरवायची. धागा अडकला की परत दगडावर. ऐंशी सुयांचा हिशेब वर चिठ्ठीभाऊंनी दिलाय. म्हणजे गोदेच्या रात्रीतला कितीतरी वेळ दगडापाशी गेला. आमच्यासारखी विळा पाजळलेली बाई हे काम मेट्रनपेक्षा चांगलं करंल. कपाळावर हात फिरवण्यापेक्षा ते दाखवा.

आणि एक विचारायचं राहिलं. तुम्ही लिहिलंय, आबाजी बोलल्यावर सगळे हसले. त्या चार बायाही हसल्या का?

खारपाणपट्टा (शनिवार, सकाळी ६.०५)

ताई, रात्रभर आठवत होतो. नव्हत्या हसल्या. दोघी चपला घालत होत्या, एक मुलाचं नाक पुसत होती. चौथी माझ्याकडं बघत होती, असं आता वाटतं.

पांदण (शनिवार, सकाळी ७.३०)

मग विचारा ना तिले.

पाटवडीरस्सा (शनिवार, सकाळी ७.३४)

चौथीले विचारा. जो इचारते तो शहाणा.

खारपाणपट्टा (पुढचा बुधवार, रात्री ८.५०)

उशीर झाला, माफ करा. कपाशीची वेचणी चालू आहे, ती बाई सापडेना. आज धुऱ्यावर भेटली. साठीची असेल. मी म्हटलं, "काकू, त्या दिवशी वाचलं ते पटलं का?" तिनं ओटीतला कापूस गाठोड्यात सोडला आणि म्हणाली, "लढाईवर गेली थे पटलं. बाई कुठंबी जाते, धाडलं त. पन शेवटी थे परत आली, अन् घरच्याईनं आरती ओवाळून आत घेतलं, थे नाई पटलं, मास्तर. चार वर्सं बाहेर राह्यलेली रांडमुंड बाई. कोन ओवाळते तिले?"

तीन वर्षं मी पेनिसिलीन नि पलटणींची पुस्तकं वाचत होतो. खोट शेवटच्या पानावर, माझ्याच वाड्यातल्या उंबऱ्यावर होती. सिस्टर, तुमच्या आईचं ते "शाळेत शिकवतात" धुऱ्यावरून घरी येईपर्यंत कानात होतं. वापरू का? तुमची परवानगी असेल तरच.

भाऊ परत आणला आहे. बैल जिवंत आहे. दगड, बादली आणि चहातलं मीठ घेतलं. दुष्काळाचं प्रकरण नव्यानं लिहायला घेतलंय, ते सर्वांत जड जातंय.

निवृत्त_सिस्टर (बुधवार, रात्री ९.१०)

वापरा. फक्त गोदेच्या आईला वाईट दाखवू नका. माझ्या आईनं ते खोटं माझ्यासाठी सांभाळलं होतं.

डफरीनची_नात (बुधवार, रात्री ९.२५)

आरती काढली, मग आता शेवट काय? परत येते की नाही?

खारपाणपट्टा (बुधवार, रात्री ९.४०)

आत्ता ती मुर्तिजापूरच्या फलाटावर ट्रंकेवर बसली आहे. मेलमधून उतरली, पुढं अंजनगावची नॅरोगेज पकडायची. गाडीला उशीर आहे. मलाही तिला लगेच गाडीत बसवायचं नाही.

रूळ_आणि_खडी (बुधवार, रात्री ९.४४)

किती उशीर?

खारपाणपट्टा (बुधवार, रात्री ९.४६)

पाच तास.

रूळ_आणि_खडी (बुधवार, रात्री ९.४७)

मग वेळेवर आहे.